बाजार ते बाजार बेत आणि महिन्याचा किराणा: विदर्भातल्या शेतकरी घरांचे नेहमीचे प्रश्न

बचत गटाच्या बैठकीत, चक्कीवर दळणाच्या रांगेत, नाही तर कापूस वेचता वेचता बायका एकमेकींना जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. हिशेब पाच माणसांच्या घराचा धरला आहे: नवरा-बायको, दोन पोरं आणि एक म्हातारं माणूस. तुमच्याकडे माणसं कमी-जास्त असतील तर त्याप्रमाणे आकडे बदलून घ्या. भाव जवळपास दिलेच नाहीत, कारण ते दर बाजाराला बदलतात. एका घराला लागणारं तेल आणि डाळ मात्र महिन्यागणिक फारशी बदलत नाही, म्हणून भर मापांवर आहे.

आमच्याकडे पगार नाही. पैसा येतो तो माल विकल्यावर. मग महिन्याचं बजेट ठरवायचं कसं?

सोयाबीन ऑक्टोबर-नोव्हेंबरात विकलं जातं, कापूस दिवाळीनंतर एकेका वेचणीनं जातो, तूर जानेवारी-फेब्रुवारीत आणि हरभरा मार्चच्या आसपास. त्यानंतर पुढच्या सोयाबीनपर्यंत घरात मोठी रक्कम येत नाही. नेमकं जूनमध्ये बियाणं, खत आणि पोरांच्या वह्या-पुस्तकं एकदम समोर उभी राहतात. चूल मात्र बाराही महिने पेटवावी लागते. म्हणून शेतकरी घराचं बजेट आधी वर्षाचं करायचं आणि मग त्यातून महिना काढायचा.

खर्चाचे तीन वाटे करा. पहिला वाटा वर्षाचा: गहू, ज्वारी, तूरडाळ, तिखट, हळद, चिंच, लसूण. या वस्तू ज्या महिन्यात निघतात त्याच महिन्यात भरायच्या. तूर जानेवारी-फेब्रुवारीत, लाल मिरची आणि हळद फेब्रुवारी ते एप्रिल, गहू आणि लसूण मार्च-एप्रिलमध्ये, साठवणीचा कांदा एप्रिल-मेमध्ये. आपल्याकडे भिवापूरची मिरची आणि वायगावची हळद आहे, तेव्हा वर्षाचं तिखट-हळद पाकिटातून आणायचं कारण नाही. दुसरा वाटा महिन्याचा, म्हणजे वाण्याकडचा किराणा: तेल, साखर, चहापत्ती, मीठ, पोहे, रवा, फल्लीदाणे (शेंगदाणे), साबण. तिसरा वाटा आठवडी बाजाराचा: भाजीपाला, आलू, अंडी, हिरवी मिरची, सांबार (कोथिंबीर).

उदाहरणादाखल समजा, वर्षाचं धान्य घरात आहे आणि वरखर्चाला महिन्याला 6000 रुपये ठेवता येतात. त्यातले 3500 किराण्याला, 1600 चार बाजारांना (बाजारी 400) आणि 900 दूध, दळण यांना. पाचवा बाजार ज्या महिन्यात येतो त्या महिन्याचे 400 कुठून काढायचे, हे आधीच ठरवून ठेवा. त्यावर बऱ्याच घरांचा हिशेब मोडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सोयाबीनचे पैसे हातात पडले की दुकानदाराची जुनी बाकी, सावकार, बँक असे सगळे एकदम पुढे येतात आणि घरखर्चाचं नाव शेवटी निघतं. ते पहिलं काढायला हवं. पुढच्या चार महिन्यांचा किराणा आणि बाजार याची रक्कम वेगळ्या खात्यात टाका. कापूस विकल्यावर पुढच्या सप्टेंबरपर्यंतची टाका. हे खातं घर चालवणाऱ्या बाईच्या नावावर असावं आणि त्याला खत-बियाण्यासाठी हात लावायचा नाही, असं सगळ्यांसमोर ठरवावं.

जेवणाचा बेत आठवड्याचा करायचा की महिन्याचा?

बाजार ते बाजार. गावाला किंवा शेजारच्या गावाला आठवडी बाजार असतो, तो दिवस धरून सात दिवसांचा बेत करायचा. महिन्याचा बेत कागदावर छान दिसतो, पण वांगी स्वस्त झाली किंवा शेजारणीनं भाराभर अंबाडी आणून दिली की तो कोलमडतो.

बेत बाजाराच्या आदल्या रात्री करायचा, डबे उघडून. आधी घरात काय उरलं ते पाहायचं: अर्धी वाटी मटकी, दोन कांदे, मुगाच्या वड्यांचा डबा तळाला गेलेला, टोपलीत एक कोहळं. मग सात दिवस लिहायचे आणि शेवटी बाजाराची यादी. बहुतेक जण उलटं करतात, बाजारात दिसेल ते घेतात आणि घरी आल्यावर काय करायचं ते ठरवतात. मग चौथ्या दिवशी मेथी पिवळी पडते आणि सहाव्या दिवशी भाजीच नसते.

बाजार गुरुवारी असेल तर एक आठवडा असा जाऊ शकतो. गुरुवारी रात्री आणि शुक्रवारी पालेभाजी, कारण ती टिकत नाही: पालकाची डाळभाजी, मेथी, नाही तर अंबाडी ज्वारीच्या कण्या टाकून. शनिवारी वांगी, रविवारी भेंडी किंवा दोडके. सोमवारी पत्ताकोबी किंवा कोहळं, मंगळवारी आलू-कांद्याचा रस्सा. बुधवारी बाजारातलं काही उरलेलं नसतं, तेव्हा बेसन (पिठलं) आणि भाकर, सोबत ठेचा. किंवा कढीगोळे. किंवा मुगवड्यांची भाजी. वरण-भात रोजच आहे. बुधवारचा जिन्नस घरातल्या डब्यातूनच यायला हवा, एवढं सांभाळलं की आठवडा तुटत नाही आणि मधल्या दिवशी वाण्याकडून महागडे आलू-टमाटर पावपाव किलोनं आणावे लागत नाहीत.

बाजारात कधी जायचं, हेही विचारतात. सकाळी माल ताजा असतो, संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी भाव उतरतो. पालेभाजी लगेच त्याच रात्री करायची असेल तर उशिरा घ्या. कांदे-आलू कधीही घ्या. भेंडी, वांगी, टमाटर मात्र निवडून घ्यायचे असतात, ते उजेडातच घ्या.

रोज वरण, भाजी, भाकर, पोळी हेच असतं. त्यात नियोजन ते काय?

पैसा रोजच्या वरण-भाजीत फारसा वाया जात नाही. तो जातो मधल्या जागांमध्ये: सकाळचा नाश्ता, दुपारचा चहा, पोरांचं पाकीट, "आज भाजी नाही तर चौकातून काही तरी आण" म्हणून आणलेले समोसे. म्हणून बेतात नाश्ताही लिहा. उकडपेंडी, सुशीला, कांदेपोहे, रात्रीच्या पोळीचा कुस्करा, ज्वारीच्या पिठाची धिरडी: यातलं कोणतं कोणत्या दिवशी ते ठरलेलं असलं तर सकाळी डोकं चालवावं लागत नाही. उरलेला भात सकाळी फोडणीला जातो, हेही बेतातच धरा.

आम्हाला महिन्याला किती काय लागतं, हे कसं काढायचं?

एक महिना मोजून स्वयंपाक करा. दुसरा रस्ता नाही. डाळीच्या डब्यात एकच वाटी कायमची ठेवा, तेलाला एकच पळी. डब्यात माल भरला ती तारीख पेन्सिलीनं चिठ्ठीवर लिहून डब्याला चिटकवून ठेवा आणि संपला ती तारीख लिहा. दोन-तीन डब्यांवर अशा तारखा पडल्या की तुमच्या घराचं माप तुम्हाला कळतं आणि दुकानदार सांगेल ते घेण्याची गरज राहत नाही.

सुरुवातीला ताडून पाहायला हे आकडे धरा. धान्य, म्हणजे गहू, ज्वारी आणि तांदूळ मिळून, माणशी दिवसाला 350 ग्रॅम धरलं तर पाच जणांना महिन्याला साधारण 52 किलो. वावरात राबणारा जास्त खातो, लहान पोर कमी, सरासरी इथे बसते. तूरडाळ रोज 150 ग्रॅम म्हणजे महिन्याला साडेचार किलो. बेसन, मूग, मटकी, हरभरा मिळून आणखी तीन किलो. तेल माणशी अर्धा किलो म्हणजे अडीच किलो. मीठ मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या वर नको, असं डॉक्टर सांगतात. त्या हिशेबानं घराला महिन्याला पाऊण किलो पुरतं. दर महिन्याला दोन पुडे संपत असतील आणि लोणची-पापड घालायचे दिवस नसतील, तर घरात बीपीचं माणूस असो वा नसो, तिखट-मिठाच्या डब्याकडे एकदा पाहा.

रेशनचं धान्य यात धरायचं का?

धरायचंच. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डावर घराला 35 किलो. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे आणि 1 जानेवारी 2024 पासून पुढची पाच वर्षं मोफत ठेवायचं ठरलं आहे. पाच माणसांना 25 किलो म्हणजे वर काढलेल्या 52 किलोंच्या जवळपास निम्मे. उरलेलं 27 किलो घरचं किंवा विकतचं. कंट्रोलमध्ये (रेशनच्या दुकानात) गहू किती आणि तांदूळ किती ते मधूनमधून बदलतं, तेव्हा माल हातात आल्यावरच त्या महिन्याचा बेत पक्का करा. तांदूळ जास्त आला तर त्याच महिन्यात गोळाभात, खिचडी, तांदळाची धिरडी वाढवा आणि घरचा गहू वाचवा.

अमरावती विभागातले पाच जिल्हे आणि वर्धा इथल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना आधी स्वस्त धान्य मिळायचं. 2023 पासून त्याऐवजी खात्यात पैसे येतात, आधी माणशी महिना 150 रुपये, नंतर 170. ते इतर पैशांत मिसळून जातात आणि धान्य काही घरात येत नाही. जमा झाले की त्याचा गहू किंवा ज्वारी घेऊन टाका.

सहावी-सातवीतलं पोर शाळेत दुपारी जेवतं, आठवीपर्यंत ते जेवण मिळतं. बेत करताना तेही मोजा. अंगणवाडीतून मिळणारा आहार मात्र घरच्या जेवणाच्या जागी धरू नका. तो लहान पोराच्या आणि गरोदर बाईच्या वरचा घास आहे, आणि तो त्यांच्याच पोटात गेला पाहिजे.

घरची तूर आहे. सगळी विकावी की डाळ करून ठेवावी?

खाण्यापुरती ठेवा. तूर विकायची आणि चार महिन्यांनी डाळ किलो-किलोनं विकत आणायची, हा आपल्याकडचा सगळ्यात महाग व्यवहार आहे. मधला सगळा फरक आपल्याच खिशातून जातो. महिन्याला साडेचार किलो म्हणजे वर्षाला 54 किलो डाळ लागते. एक क्विंटल तुरीची साधारण 70 ते 75 किलो डाळ पडते, म्हणजे पाऊण क्विंटल तूर ठेवली की वर्ष निघतं. चुरी आणि भुसा ढोरांना जातो, तो फायदा वेगळा.

पूर्वी घरोघरी तुरीला तेल-पाणी लावून, उन्हात वाळवून जात्यावर भरडायचे. आता अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं काढलेल्या मिनी डाळ मिल बऱ्याच गावांत बचत गटांकडे आहेत. तुमच्या जवळ कोणाकडे आहे ते विचारा आणि चार-पाच घरांची तूर एकत्र नेऊन डाळ करून आणा.

ज्वारी परवडते का? आता तर गव्हापेक्षा महाग पडते म्हणतात.

सोयाबीन आलं आणि वावरातली ज्वारी हटली, म्हणून ती विकत घ्यायची वेळ आली. भाव पाहूनच ठरवा, पण फक्त किलोचा भाव पाहू नका. भाकरीला तेल लागत नाही, पोळीला लागतं. भाकरीसोबत बेसन, ठेचा, जवसाची चटणी, आंबील असं काहीही चालतं. पोळी असली की भाजी जास्त लागते. रात्री भाकर आणि सकाळच्या शिदोरीला पोळी, ही विभागणी बहुतेक घरांना जमते. आणि वावर असेल तर घरापुरती ज्वारी धुऱ्याच्या (बांधाच्या) कडेनं का होईना पेरा, कडबाही होतो. पाखरं खातात हे खरं आहे, म्हणून एका घरानं एकट्यानं पेरण्यापेक्षा शेजारच्या दोन-तीन वावरांत मिळून पेरलेली बरी.

तेलावर सगळ्यात जास्त पैसा जातो. तो कसा कमी करायचा?

आधी किलो आणि लिटर यांतला फरक ओळखा. एक लिटर तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम भरतं. म्हणजे 15 लिटरचा डबा 13 किलो 650 ग्रॅमचा, आणि 15 किलोचा डबा खरोखर 15 किलोचा. दोन्हींच्या किमतीची तुलना करताना हा सव्वा किलोहून मोठा फरक बायका-माणसं सगळेच विसरतात. थैल्याही आता 1 लिटर, 900 ग्रॅम, 850 ग्रॅम अशा वेगवेगळ्या निघतात आणि दिसायला सारख्याच असतात. वजन वाचून, एका किलोला किती पडलं ते काढून मगच घ्या.

वापरात तेल वाचतं ते तळण मोजून केल्यावर. आठवड्यात तळणाचा एकच दिवस ठेवा. त्या दिवशी भजे, पापड, कुरुड्या जे काय तळायचं ते एकाच कढईत उरकून घ्या, उरलेलं तेल गाळून दोन दिवसांत फोडणीला संपवा. पुन्हापुन्हा तापवलेलं काळं तेल वाचवून काही साधत नाही, ते तब्येतीवर निघतं. तर्रीसाठी वर तरंगणारं तेल पाहुण्यांच्या दिवशी ठीक आहे, रोजच्या भाजीला नको.

चहा-साखर आवरत नाही. काय करावं?

मोजून दाखवते. दिवसाला 10 कप चहा, कपाला दोन चमचे म्हणजे 10 ग्रॅम साखर. महिन्याला 3 किलो साखर नुसत्या चहात. तेच कपाला दीड चमचा केलं तर सव्वादोन किलो. पाऊण किलो साखर वाचली आणि चहा कोणाचा बंद झाला नाही. आलेल्या माणसाला चहा द्यायचाच असतो, तो सोडायला मी सांगणार नाही. घरातल्यांचा दुपारचा दुसरा कप मात्र कमी करता येतो. उन्हाळ्यात त्या जागी ताक किंवा आंबील द्या.

पावसाळ्यात भाजी महाग होते आणि पैसाही नसतो. जून ते ऑगस्ट कसे काढायचे?

याची तयारी जानेवारी ते मेमध्ये होते. हिवाळ्यात टमाटर, वांगी, मेथी पडत्या भावात येतात, तेव्हा चकत्या करून कडक वाळवा. गवारीच्या शेंगा, मेथीचा पाला, वांग्याच्या फोडी, कच्च्या आंब्याच्या फोडी हे सगळं टिकतं. उन्हाळ्यात मुगवड्या, सरगुंडे, शेवया, पापड, ज्वारीचे धापोडे होतात. ही वाळवणं नुसती हौस म्हणून नसायची. ज्या दिवसांत बाजारात जायला पैसा नसायचा आणि नाल्याला पूर असला की जाताही यायचं नाही, त्या दिवसांची ती सोय होती, आणि ती गरज अजून संपलेली नाही. आषाढात आठवड्यातले दोन दिवस वाळवणाच्या भाजीचे आणि एक बेसनाचा धरला तर बाजाराचा खर्च बराच खाली येतो.

दुसरा आधार रानभाज्यांचा. पहिल्या पावसानंतर कोवळा तरोटा येतो, पुढे घोळ, चिवळ, कुंजर, अंबाडी. तरोटा कांदा आणि भिजवलेली डाळ घालून परतला की भाकरीसोबत दुसरं काही लागत नाही. पण एक गोष्ट कळकळीनं सांगते. आता सोयाबीन-कपाशीत तणनाशक मारतात आणि या सगळ्या भाज्या त्या फवारणीच्या लेखी तणच आहेत. फवारलेल्या वावरातली, त्याच्या धुऱ्यावरची किंवा शेजारी फवारणी झालेली भाजी तोडू नका, धुऊनही नको. पडीक जागेतली, घराच्या परसातली घ्या. आणि ओळख पक्की नसलेला पाला कितीही कोवळा दिसला तरी म्हाताऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय गंजात (पातेल्यात) टाकू नका.

परसात चार वेल लावायला पैसा लागत नाही: दोडके, कारले, वालाच्या शेंगा, कोहळं. न्हाणीचं पाणी त्यांना पुरतं.

वेचणी-सोंगणीच्या दिवसांत दोघंही वावरात असतो. तेव्हा बेत पाळणार कोण?

त्या दिवसांत बेत सोपा करा, सोडू नका. सकाळी एकच भाजी दोन वेळची करायची, तीही कोरडी, म्हणजे शिदोरीत सांडत नाही आणि दुपारपर्यंत आंबत नाही: वांग्याची कोरडी, आलू, झुणका. चटण्या आधीच कुटून ठेवा. जवस, तीळ, फल्लीदाणे यांची चटणी पंधरा दिवस सहज टिकते. रात्री खिचडी किंवा वरण-भात. पैसे हातात असतात आणि अंगात त्राण नसतं, म्हणून याच दिवसांत चौकातलं खाणं वाढतं. रात्रीची भाजी निवडणं-चिरणं, कणीक मळणं हे काम पोरं आणि नवरा दोघांनी वाटून घ्यावं. दिवसभर वेचून आलेल्या बाईनं एकटीनं चुलीपुढे बसायचं, असा बेत कोणत्याच घरात टिकत नाही.

साठवलेल्या धान्याला सोंडे लागतात. मग वर्षाचं भरून फायदा काय?

वाळवण कमी पडली की किडे लागतात. कडक ऊन द्या, दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. पूर्ण थंड झाल्यावरच कोठीत भरा, गरम भरलं तर आत वाफ धरते. तळाला आणि मधल्या थरांत सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घाला. डाळीला आणि गव्हाला थोडं एरंडेल चोळतात, तेही चालतं. कोठी भिंतीला टेकवून किंवा ओल्या जमिनीवर ठेवू नका, खाली पाट किंवा विटा द्या. मोठी कोठी सारखी उघडू नका, महिन्याचं काढून छोट्या डब्यात घ्या.

धान्यातले किडे मारायला ठेवतात त्या सेल्फॉसच्या विषारी गोळ्या घरात आणूच नका. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन वायू निघतो, त्यावर उतारा नाही, आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्यानं दगावतात. बोरिक पावडरही खायच्या धान्याला लावायची वस्तू नाही.

खर्च कमी करताना कशाला हात लावायचा नाही?

डाळ, पोरांचं दूध, अंडी आणि पालेभाजी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये दिलेल्या आहार-सूचनांत 2000 कॅलरीच्या ताटाला दिवसाला 85 ग्रॅम डाळी-कडधान्य धरली आहेत. वर काढलेल्या हिशेबात माणशी 50 ग्रॅमच येतात. म्हणजे आपण आधीच कमी खातो, तिथून आणखी काटायचं नाही. काटायचं असेल तर साखर, पाकिटातला खाऊ, तेल आणि विकतची पेयं.

आणि घरच्या बाईचं ताट. सगळ्यांचं झाल्यावर गंजात उरेल ते तिनं खायचं, ही रीत अजून घरोघरी आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. बजेट बसलं, पण तिच्या वाट्याला भाजीच उरली नाही, तर ते बजेट बसलेलं नाही. वाढताना पाच ताटं एकदम वाढा, तिचंही.

पोरं पाकिटाशिवाय ऐकत नाहीत.

दोन पोरांना रोजचे प्रत्येकी 10 रुपये म्हणजे महिन्याला 600 रुपये. हा आकडा पोरांना कागदावर करून दाखवा, मोठं पोर असेल तर त्यालाच करायला लावा. पूर्ण बंद न करता बाजाराच्या दिवशी एकदा, असं ठरवून द्या. घरी भाजलेले फल्लीदाणे, फुटाणे, मुरमुऱ्याचा चिवडा, गुळपापडी भरून ठेवा, आणि तो डबा पोरांच्या हाताला लागेल असा ठेवा. उंचावरच्या डब्यातला खाऊ पोरं विसरतात आणि दुकान आठवतं.

पोळा, महालक्ष्म्या, दिवाळी, उन्हाळ्यातले पाहुणे: हा खर्च कुठे बसवायचा?

महिन्याच्या किराण्यात तो बसत नाही, बसवायचा प्रयत्नही करू नका. सणांची वेगळी रक्कम वर्षाच्या वाट्यातच धरा. पोळा आणि महालक्ष्म्या पैसा नसलेल्या दिवसांत येतात, म्हणून हरभरा निघाला तेव्हाच पुरणाची चणाडाळ आणि गूळ बाजूला काढून ठेवा. महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्यांचं ओझं वाटत असेल तर शेजारणींनी मिळून भाज्या आणा आणि वाटून घ्या, पाव-पाव किलोच्या सोळा भाज्या एका घराला लागत नाहीत. उन्हाळ्यात माहेरवाशिणी आणि भाचरं येतात, त्यांच्यासाठी आंब्याचा रस आणि सरगुंडे घरच्याच मालातून होतात.

आम्ही झाडीपट्टीतले, आमच्याकडे सगळा भातच. आम्हाला हे लागू पडतं का?

रीत तीच, वाटे बदलतील. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या धानाच्या भागात वर्षाचा तांदूळ घरचा असतो आणि गहू-डाळ विकतची. तिथे वर्षाच्या खरेदीत डाळ पहिली धरा. तुरीला बांधावर जागा असतेच. तलावाची मासळी मिळते त्या दिवसांत आठवड्यातले दोन दिवस तिचे ठेवा, डाळ तेवढी वाचते. रोज भातच खाणाऱ्या घरात भाजी आणि डाळ कमी पडायची भीती जास्त, म्हणून बेत लिहिताना भाताशेजारी काय आहे तेच लिहा.

वाण्याचं उधारीचं खातं बंद करावं का?

एकदम बंद होत नाही, आणि अडीनडीला तोच वाणी उभा राहतो, त्याच्याशी वाकडं घेऊ नये. पण उधारीवर भाव विचारायची हिंमत होत नाही आणि वस्तू यादीपेक्षा जास्त येतात, हे कोणीही आपली वही उघडून पाहावं. एक-एक वस्तू रोखीवर आणा. आधी तेल, कारण रक्कम मोठी आणि भावात फरक करून घेता येतो. मग साखर आणि चहापत्ती. साबण-सोडा शेवटी. पोरांना उधारीवर काही द्यायचं नाही, असं दुकानात स्वतः जाऊन सांगून या. आणि दर महिन्याला आपली वही त्याच्या वहीशी ताडून घ्या, हंगाम संपल्यावर एकदम नको.

गटातल्या आठ-दहा घरांनी मिळून तालुक्याच्या ठोक दुकानातून तेलाचे डबे, साखरेचं पोतं आणि साबण आणले तर भाव बराच खाली येतो. भाड्याचा खर्च आधी मोजा, थोड्याशा मालासाठी गाडी करून गेलात तर वाचलेलं तिथेच जातं.

पैसे नवऱ्याच्या हातात असतात. मी बेत करून काय उपयोग?

उपयोग आहे, पण आधी कागद करा. महिन्याची मापं आणि त्याची रक्कम लिहून सगळ्यांसमोर ठेवली की मागणं राहत नाही, हिशेब होतो. ज्यांच्या खात्यावर 2024 पासून लाडक्या बहिणीचे 1500 रुपये येतात, त्यांनी ते आठवडी बाजाराच्या वाट्याला लावले तर चार बाजार जवळपास त्यात निघतात. पण ते येतात म्हणून घरानं आपला वाटा कमी करू नये. सासू जुन्या मापांची जाणकार असते, तिला यादी करायला सोबत घ्या. कोणती डाळ कधी भरायची हे तिला कोणत्याही कागदापेक्षा जास्त ठाऊक असतं.

महिना संपायच्या आधी, 20 तारखेलाच पैसे संपले तर?

उधारीकडे जायच्या आधी घरातलं सगळं बाहेर काढा. बहुतेक घरांत 20 तारखेला डाळ, पीठ, तांदूळ, चिंच, वड्या, कांदे हे असतंच, संपलेलं असतं ते तेल, साखर आणि बाजाराचे पैसे. मग दहा दिवसांचा बेत कमी तेलाचा करा: आंबील, चिंचेचं सार, वरणफळं, कण्या, उकडलेल्या डाळीचे गोळे, वांगं मिळालं तर भाजून भरीत. चहा गुळाचा. तेल लागलंच तर अर्धा किलोच आणा आणि ते कोणत्या तारखेला आणलं ते डब्यावर लिहा. महिना संपला की दोनच गोष्टी पाहा: कोणती वस्तू मापापेक्षा जास्त गेली आणि कोणता खर्च यादीत नव्हता. दवाखाना किंवा मयत-लग्न निघालं असेल तर तो किराण्याचा दोष नाही, पुढच्या महिन्याचं माप तेच ठेवा. तेल किंवा साखर जास्त गेली असेल तर पुढच्या महिन्याची ती एकच वस्तू दोन डब्यांत भरा, निम्मी आता आणि निम्मी 15 तारखेनंतर उघडायची.